कागदाचे बिबडे

अक्का, काल दुपारी दोन वाजता तुझ्या पायऱ्यांवर सात पोरं येऊन बसली होती.

तू जाऊन बावीस दिवस झाले हे त्यांना माहीत नाही असं नाही. त्यातली चार जण तर तेराव्याच्या पंगतीत बसून जेवून गेलेली. तरी आली. मे महिना लागला, शाळेला सुट्टी लागली, की दुपारी जेवून अक्काआजीकडे जायचं, एवढंच त्यांच्या पायांना ठाऊक. धुळ्याचं ऊन तुला मी काय सांगू! रस्त्यावर चपलेचा तळ चिकटत होता आणि ही मंडळी तुझ्या दारापुढची वीतभर सावली आपसांत वाटून घेऊन बसलेली.

आमची आरोही जेवणानंतर घरात दिसेना, म्हणून मी नातीला शोधत दोन गल्ल्या ओलांडून आलो होतो. तीही त्यांच्यातच. तुझा माधव पुण्याला परत जाताना किल्ली माझ्याकडे देऊन गेलाय. "मामा, आठवड्यातून एकदा उघडून झाडून घेत जा," एवढंच म्हणाला. पोरं गोळा करा असं काही म्हणाला नव्हता. मी माझ्या मास्तरी आवाजात सांगितलं, "अक्काआजी नाही आता. घरी जा, ऊन लागेल." तर समोरच्या घरातला सोहम, वय वर्षं सहा, मला समजावणीच्या सुरात म्हणाला, "माहीत आहे आम्हाला. तुम्ही फक्त कुलूप काढा. आम्ही आमचं आमचं करू."

मला रडू आलं, अक्का. तुझ्या अंत्ययात्रेत आलं नाही तेवढं आलं. पोरांसमोर शोभा नको म्हणून मी कुलपाशी उगाच खटपट करत पाठ फिरवून उभा राहिलो आणि मग दार उघडलं.

पुढचं सांगतो. पण आधी मला तुझ्याशी भांडून घ्यायचं आहे, कारण आपलं भांडण अर्धवट टाकून तू निघून गेलीस.

जळगावच्या शाळेत मी तीस वर्षं चित्रकला शिकवली. घडा, पेला, दोन केळी. उजेड कुठून येतो, सावली कुठे पडते, माणसाच्या डोक्याच्या किती पट त्याची उंची. तीस वर्षं पोरांच्या खांद्यावरून वाकून मी त्यांच्या रेघा सुधारल्या, आणि सुधारल्या म्हणून त्यातली काही पुढे चांगली चित्रं काढू लागली, हे तू कधीच कबूल केलं नाहीस. निवृत्त होऊन मुलाजवळ धुळ्याला आलो आणि पहिल्याच मे महिन्यात तुझा दुपारचा कारभार बघितला. माझी तर शुद्धच हरपली. समोरच्या खोलीत जमिनीवर पोरं पालथी पडलेली, कूलरचं पाणी त्यांच्या कागदांवर उडतंय, आणि तू पाटावर बसून शांतपणे लसूण सोलतेस! मी विचारलं, "अक्का, यांना शिकवतं कोण?" तू म्हणालीस, "कोनी नही."

विकतचे रंग तुझ्या घरात येत नव्हते. हळद, कपड्यांची नीळ, चुलीतला कोळसा, गेरू, आणि फाल्गुनात कोणी साक्रीकडून आणून दिलीच तर वाळलेली पळसाची फुलं. भेंडी आडवी कापली की फुलाचा ठसा. केळीच्या पानाचा जाड दांडा कापला की आत जाळीदार घरं, ती निळीत बुडवून कागदावर टेकवली की कोणालाही न काढता येणारी नक्षी. वेचून झालेल्या कापसाच्या बोंडांची टरफलं पालथी घालून त्यांची घुबडं. फाटक्या लुगड्याच्या चिंध्या तुटक्या बाजेच्या दोऱ्यांतून विणून गालिचे. एकदा आरोहीच्या मैत्रिणीने हळदीच्या पाण्यात चुना टाकला आणि पिवळ्याचं भडक लाल झालं. ती एवढ्यांदा किंचाळली की शेजारीण धावत आली. हळदीत चुना घातला की कुंकवासारखा रंग होतो हे तुला जन्मापासून ठाऊक. पण तू कपाळावर हात मारून म्हणालीस, "अरे देवा, हाई काय व्हयनं!" आणि मग सगळ्यांनी ते पुन्हा पुन्हा करून बघितलं. माझी हळदीची बरणी त्या आठवड्यात दोनदा रिकामी झाली, कारण तुझी आधीच संपली होती.

तुझा एक नियम मला फार खुपायचा. चुकलं म्हणायचं नाही, हे एक वेळ समजू शकतो. पण तू 'छान'सुद्धा म्हणायची नाहीस. पोरगं कागद घेऊन आलं की चष्मा वर सरकवून नीट, सावकाश बघायचीस, चांगलं मिनिटभर, आणि म्हणायचीस, "देखं मी." मी पाहिलं, बस. पोरगं तेवढ्यावर खूश होऊन परत जायचं. मी म्हणायचो, अगं, शाबासकी तरी दे. तर म्हणे, आज छान म्हटलं की उद्या ते छानसाठी काढतात. चौथीत शाळा सुटलेली बाई मला बालमानसशास्त्र शिकवत होती. राग येणार नाही तर काय?

आता म्हशीकडे येतो. आलंच पाहिजे.

परवाच्या दिवाळीत, म्हणजे दीड वर्षापूर्वी, आरोहीने म्हैस काढली होती. सहा वर्षांची होती. म्हैस जांभळी, घरापेक्षा मोठी, आणि डोळे दोन्ही एकाच बाजूला. माझ्या हातात खोडरबर होतंच. मी तिला मांडीवर घेतलं, प्रेमानेच घेतलं गं, आणि म्हटलं, "हे बघ बेटा, म्हैस घरापेक्षा लहान असते." म्हैस लहान केली. शिंगं मागे वळवली. एक डोळा पुसला. पाठीवर छानपैकी सावली दिली. खरोखर सुरेख म्हैस झाली. आरोही मांडीवरून उतरली, तिने कागदाची घडी केली आणि माझ्या हातात दिली. "घ्या आजोबा, तुमचं चित्र."

त्या दिवसापासून तिने माझ्यासमोर रेघ ओढली नाही. मी खोलीत गेलो की तिचा डावा हात कागदावर आडवा. काही बोलायची नाही, रुसायची नाही. माझ्याशी पत्ते खेळायची, पाठीवर बसायची, सगळं. फक्त कागद झाकायची. शाळेतल्या शेकडो पोरांनी माझ्यासमोर वह्या उघड्या टाकल्या आणि घरातली एक नात हात आडवा धरते! तुला येऊन सांगितलं तेव्हा वाटलं होतं, धीर देशील. तू विचारलंस, "भाऊ, ती म्हैस शे, हाई तुले समजनं व्हतं ना?" मी म्हटलं, समजलं होतं की. "मंग आखो काय पाहिजे व्हतं तुले?" आणि वरून ऐकवलंस, "जवलोंग तुना हातमा खोडरबर शे, तवलोंग ती पोर तुनाजोडे बसाव नही."

मी चार दिवस तुझ्याकडे फिरकलो नाही. पाचव्या दिवशी तू भरताची वांगी भाजलीस आणि वास दोन गल्ल्या ओलांडून आला, म्हणून आलो. माफी मागायला आलो असं तुला वाटलं असेल तर ते चूक आहे.

आणि मग गेल्या वर्षीचे ते बिबडे. अक्का, हे लिहितानासुद्धा मला हसू आवरत नाही, आणि तुला जाऊन महिनाही झाला नाही.

त्या दिवशी सकाळी तू गच्चीवर बिबडे, आपले ज्वारीचे पापड, घातले होतेस. ज्वारीचा शिजवलेला गरम घाटा पोरांनी अर्धा तेल टाकून खाल्ला, उरल्याचे तू बाजेवर पसरलेल्या ओल्या धोतरावर थापले. दुपारी पोरांपुढे कागदाचा लगदा ठेवलास. चार दिवस भिजवलेली रद्दी, त्यात मेथी वाटून घातलेली, आई टोपल्या करायची अगदी तसा. म्हणालीस, याचं काय वाटेल ते करा. आणि त्या सगळ्या कारट्यांनी काय केलं? बिबडे! सकाळी बघितलेले डोळ्यांपुढे होते ना. गोल थापले, वर तीळ चिकटवले, दुसऱ्या बाजेवर ओळीने वाळत घातले. मी चिडलो. म्हटलं, मोर करा, मासा करा, काही डोकं चालवा! आणि बिबडेच करायचे तर ते बिबड्यासारखे दिसू तरी द्या. कडा बघा केवढ्या जाड! तू वर न बघता म्हणालीस, "पोरेसनं काम शे ते. तू चहा पे."

तिसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला वावटळ उठली. तू शेजारी गेलेली. मी धावत गच्चीवर गेलो, दोन्ही बाजांवरचं सगळं गोळा केलं आणि मोठ्या डब्यात नीट रचून ठेवलं. संध्याकाळी तुला ऐटीत सांगितलंही, तुझे बिबडे वाचवले म्हणून. तू शाबासकी दिली नाहीस. तुझा नियमच तो.

आठवड्याने शिरपूरहून तुझे व्याही आले. लेकीचे सासरे, टोपीला इस्त्री, शब्द तोलून बोलणारा माणूस. तू चहा टाकलास आणि मला म्हणालीस, चार बिबडे तळ. तळले. फुगेनात. तेल फसफसलं, जरा काळं पडलं. मला वाटलं, तेल पुरतं तापलं नसेल. कांदा चिरून ताटलीत बिबडे मांडून मी व्याह्यांपुढे ठेवले आणि एक स्वतः उचलला. पहिल्या घासाला चव कडवट. दुसऱ्या घासाला दातांत काहीतरी अडकायला लागलं. व्याह्यांकडे बघितलं तर ते डोळे मिटून चावत होते. चावत होते, चावत होते. पाहुणचाराचा मान ठेवणारा माणूस, त्यांनी अख्खा संपवला. मी आपलं मास्तरकीने मत दिलं, "मीठ जरा कमी पडलं यंदा."

तेवढ्यात आरोही आतून आली. माझ्या हातातल्या उष्ट्या बिबड्याकडे तिचं लक्ष गेलं आणि ती ओरडली, "आजोबा! तो माझा आहे! कडेला माझ्या अंगठ्याचे ठसे आहेत बघा!"

व्याह्यांनी पाणी मागितलं, दोन घोट घेतले आणि अगदी सभ्यपणे म्हणाले, "माले वाटनं, मेथीना बिबडा शे."

अक्का, तू तिथेच भिंतीला टेकून खाली बसलीस. इतकी हसलीस की चष्मा काढून ठेवावा लागला. "तीस वरीस पोरेसले चित्र शिकाडं," दम घेत घेत तू म्हणत होतीस, "आनि बिबडा वळखता उना नही तुले!" मग व्याही हसायला लागले. त्या माणसाला हसताना मी प्रथमच बघितलं. मीही हसलो, दुसरा इलाजच नव्हता. पण खरं सांगू? हसताना मला आरोहीचं तोंड दिसलं. तिने केलेली वस्तू मी खरी समजून खाल्ली होती. तिच्या लेखी याच्याहून मोठी पावती नव्हती. आख्ख्या गल्लीत दारोदार सांगून आली, "आजोबांनी माझा बिबडा खाल्ला!" त्या दिवसापासून ती चित्र काढताना माझ्या शेजारी बसायला लागली.

हात मात्र अजून आडवाच.

मार्चमध्ये तू मला बोलावून घेतलंस. पायांना सूज होती, बोलताना धाप लागत होती, आणि तू डॉक्टरांच्या गोष्टी टाळून सरळ मुद्द्यावर आलीस. "औंदा पोरेसले तू बसाडशी का?" मी म्हटलं, "माझ्याच्यानं नाही व्हायचं. मी हात लावल्याशिवाय राहणार नाही, तुला माहीत आहे." तू हसलीस. "म्हणीसनच तुले सांगस."

पंख्याचा आवाज येतो, तेल सोडायला हवं, असलं काहीतरी बोललो. हो म्हटलं तर तू जाणार हे मान्य केल्यासारखं होईल, असं वाटलं असेल कदाचित. किंवा नुसती भीती वाटली असेल. सात पोरांच्या मधे बसून आणखी सात म्हशी पुसून टाकीन, अशी. तुला हो म्हणायला हवं होतं, अक्का. दोन अक्षरंही नव्हती, एकच होतं, आणि ते मी पंख्याच्या तेलात बुडवलं.

तू गेल्यावर मला आपलं साक्रीजवळचं घर आठवत राहिलं. मी पाच वर्षांचा असेन, तू अकराची. आईने भिंत शेणाने सारवून तुला राखण करायला ठेवलं होतं आणि मी बोटाने त्या ओल्या भिंतीवर भलीमोठी चाकं काढत सुटलो होतो. तू मला थांबवलं नाहीस. पलीकडे सरकून जागा करून दिलीस. आई आल्यावर म्हणालीस की मीच काढलं, आणि पाठीत दोन धपाटे खाल्लेस. त्या चाकांची कोणी दुरुस्ती केली नाही. मी मास्तर झालो त्याची सुरुवात तिथे आहे, कॉलेजात नाही. हे तुला एकदाही बोलून दाखवलं नाही. मला आठवतच नव्हतं, हे त्याहून वाईट.

पण वाद मी सगळा सोडलेला नाही हं. "मग शिकवायचं कधी?" या माझ्या प्रश्नावर तू म्हणायचीस, "इचारतीन तवय सांग." आणि ज्याने विचारलंच नाही त्याचं काय? त्याचं उत्तर तुझ्याकडे नव्हतं. असेल तर मी आलो की सांग.

आता काल.

दार उघडल्यावर मला कोणी काही विचारलं नाही. नीळ कुठे, गेरू कुठे, वाट्या कुठे, सगळं त्यांना पाठ. सोहमने कूलरमध्ये पाणी भरलं आणि अर्धं स्वतःच्या अंगावर ओतलं. दोघींनी भेंडी चिरायला घेतली. मी खुर्ची ओढली आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसलो. खरंच सांगतो, हात खाली दाबूनच बसलो. एकाने पाच पायांची बकरी काढली. माझ्या बोटांना मुंग्या आल्या. त्या बकरीचा पाचवा पाय मी तासभर सहन केला.

आरोहीने मोठा कागद घेतला आणि ती माझ्यासमोरच मांडी घालून बसली. कोळशाने तिने एक बाई काढली. डोकं केवढं, हात डोक्याहून मोठे, मांडीवर सूप. केस कोरेच ठेवले, म्हणजे पांढरे. लुगडं निळीने रंगवलं. कोण ते सांगायला नको. माणूस साडेसात डोकी उंच असतो, अक्का. तू अडीच डोकी होतीस. मी मोजली. सवयच ती. पण तोंडातून चकार शब्द काढला नाही, आणि मग लक्षात आलं की मी एवढं सगळं मोजू शकलो, कारण कागद उघडा होता. तिचा डावा हात पाण्याच्या वाटीत ब्रश खळबळत होता.

तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. दीड वर्षात पहिल्यांदा चित्राबद्दल मला काहीतरी विचारलं.

"आजोबा, अक्काआजीचा तीळ कोणत्या गालावर होता?"

जन्मल्यापासून तुझं तोंड बघत आलो. 'नीट बघायला शिका' हे फळ्यावर लिहून नोकरी केली. तीळ होता, ठसठशीत होता, लहानपणी मी तो बोटाने दाबायचो आणि तू ओरडायचीस. पण डावीकडे की उजवीकडे? मला आठवेना, अक्का. "थांब," मी खिसे चाचपत म्हटलं, "फोनमध्ये फोटो आहे, बघून सांगतो."

आरोहीने जरा विचार केला. मग मोठ्या माणसाने लहानाची समजूत काढावी तशी म्हणाली, "राहू द्या आजोबा. मी दोन्ही गालांवर काढते. एक तरी बरोबर येईल."

आणि काढले. आज सकाळी किल्ली घेऊन मी मुद्दाम बघायला गेलो होतो. दोन्ही गालांवर तीळ घेऊन तू खिडकीखाली वाळत पडली आहेस. खरा कोणता, ते मी अजून फोनमध्ये बघितलेलं नाही.